किल्ली

दुकान एकच, पण आत पाच चुली.
मालाचा साठा भोयरकडे, भाव नाझनीनकडे,
ऑर्डर पराते बघतो, तक्रारी उईके,
आणि पॉइंटांची सर्व्हिस कोणाचीच नाही.
ज्यानं लिहिली तो पुण्याला गेला,
जाताना चिकटचिठ्ठीवर पासवर्ड ठेवून.

इतवारीत कोणी ॲप उघडलं
की एका पडद्यासाठी त्याचा फोन
पाच दारं वाजवत फिरतो,
भर मे महिन्यात.
एक दार उघडत नाही, मग पडदाच पांढरा.

भांडण नावांवरून झालं.
नाझनीनच्या घरी तूर डाळ म्हणजे सहा आकडे,
भोयरच्या घरी 'तूर फटका, तीस किलो',
परातेकडे नुसतं 'आयटम'.
उईके म्हणाला, "अन् गिऱ्हाईक कोणाचं बे?"
मीटिंग तिथंच थांबली.
नाव ऑर्डरीत होतं, राग तक्रारीत,
आणि मन, असलंच तर, आवडीच्या यादीत.

मी म्हणाले, चुली मोडायच्या नाहीत.
ज्याचं त्यानं शिजवा,
फक्त आपल्याकडे काय आहे ते दारावर लिहा, खरं खरं.
पुढं एक जण बसवू.
तो प्रश्न ऐकेल, फोडेल, ज्याचा त्याला देईल,
आणि आलेले तुकडे एकाच ताटात वाढेल.
त्याला स्वतःला काही ठाऊक नसेल.
तीच त्याची लायकी.

भोयर हसला. "कळमन्याचा अडत्या म्हण ना सरळ.
त्याच्या घरी एक पोतं नसते,
पण कोणाकडं काय पडून हाय, तोंडपाठ."

मग किल्लीवरून तीन आठवडे.
पाचही घरांत माणूस तोच, हे ओळखायचं कशावरून?
मोबाइल नंबर? "बदलतो," नाझनीन म्हणाली.
नाव? कापगते तर भंडाऱ्यापर्यंत भरलेत.
शेवटी बारा आकडे, अर्थ नसलेले.
अर्थ नाही म्हणून कधी बदलणार नाहीत.

परसोडीच्या आयटी पार्कात, रात्री पावणेबाराला,
कूलरच्या टाकीत पाणी संपून पंप कोरडा घरघरत असताना,
आम्ही पहिला पुरा प्रश्न विचारला.
यादीतली पहिलीच ओळ उचलली, सहज.

नाव: कौसल्या कापगते. पाचपावली, फाटकाजवळ.
शेवटची ऑर्डर: पोहे एक किलो, इसबगोल, सुपारी.
तक्रार: पोह्यात खडे. बंद केली.
कारण: गिऱ्हाइकानं फोन उचलला नाही.
आवडीची यादी: स्टीलचा मसाल्याचा डबा, सात वाट्यांचा,
चार वर्षांपासून.
पॉइंट: नल.

"बिनपाण्याचा नल," पराते म्हणाला.
पण पडदा पांढरा झाला नव्हता.
खाली बारीक अक्षरात एवढंच,
की एका घरानं उत्तर दिलं नाही.
बाकीची बाई आली होती.

कोणाचीच नसलेली सर्व्हिस मी चिठ्ठी बघून उठवली.
पुन्हा विचारलं.
पॉइंट: अकराशे चाळीस.
नाझनीननं आपल्या घरातला भाव आणला.
डबा: हजार पन्नास पॉइंट, किंवा तेवढेच रुपये.

कोणी काही बोललं नाही.
कोणाचं चुकलंही नव्हतं.
प्रत्येक घरातला आकडा बरोबर होता,
तपासलेला, रोज रात्री जपून ठेवलेला.

भोयर पाणी आणायला उठला, कूलरसाठी.
उईकेनं तिच्या नावानं नवी तक्रार उघडली,
आपणच, आपल्याविरुद्ध.
कारणाच्या रकान्यात बराच वेळ
कर्सर लुकलुकत राहिला.
मग त्यानं लिहिलं:
'डबा अन् पॉइंट, दोन्ही आपल्याकडंच होते.'